सोनू तांबटाचा डाख

गाडी बघायला आलेला माणूस इंजिन बघतो, रंग बघतो, भोंगा वाजवून बघतो. खाली वाकून धुराची नळी बघणारं गिऱ्हाईक मला उभ्या आयुष्यात एकच भेटलं. आबा माझ्या वर्कशॉपसमोर आले, धोतर सावरून मातीत बसले आणि दुरुस्तीला आलेल्या एका ट्रकच्या पोटाखाली डोकं घालून बराच वेळ आत बघत राहिले. काही पडलं असेल म्हणून मी विचारायला गेलो, तर आतूनच म्हणाले, "एवढो धूर फुकट कित्याक सोडतात रे?"

तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आमचा मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. मी मुंबईच्या एका मोटार गॅरेजमध्ये हात काळे करून परत आलो होतो आणि बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माडांच्या सावलीत, झापांचं छप्पर घालून धंदा मांडला होता. धंदा म्हणजे मुख्यतः पत्र्याचा आणि नळ्यांचा. इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळी, आवाज दाबणारा सायलेन्सर, तेलाची टाकी, टाकीतून इंजिनापर्यंत जाणारी बारीक तांब्याची नळी. ह्या गोष्टी मुंबईत दुकानात मिळत. आमच्याकडे त्या तयार कराव्या लागत, कारण गाड्या लष्कराच्या लिलावातल्या आणि सुटे भाग कुठेच नाहीत.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. आचऱ्याचे एक जमीनदार होते, त्यांनी सायलेन्सर काढून टाकायला लावला. गाडी गावात शिरली की लोकांना कळायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. दोन महिन्यांनी तेच आले आणि म्हणाले की पुन्हा बसव. आवाज ऐकून सगळी कुळं आधीच घरातून नाहीशी होत होती. एक डॉक्टर होते, त्यांना पेट्रोलच्या टाकीला कुलूप हवं होतं. मी करून दिलं. ते किल्ली घरी विसरून वेंगुर्ल्यापर्यंत गेले आणि तिथून चिठ्ठी पाठवली की मिस्त्री, तुमची टाकी फार चांगली आहे, कोणालाच उघडत नाही.

पण मला सांगायची आहे ती आबांच्या गाडीची गोष्ट. ती मालवणात पुष्कळांना ठाऊक आहे, आणि जशी ठाऊक आहे तशी ती खरी नाही.

आबा बोटीवर होते. इंजिनखोलीत तेल घालायचं काम करत सगळं जग फिरून आले होते. शेवटच्या बोटीवर त्यांनी एक यंत्र पाहिलं होतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानेच एक पंखा फिरायचा आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबायचा. त्यामुळे त्याच इंजिनाचा जोर वाढायचा. आज मुलं ज्याला टर्बो म्हणतात तो हाच प्रकार. आबा म्हणत "धुराचो पंखो". मुंबईहून त्यांनी एक जुनी अमेरिकन मोटार आणली होती आणि तिला हा पंखा बसवायचा त्यांचा हट्ट होता.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण वय लहान, आणि आबांचं बोलणं असं की ऐकताना सगळं शक्य वाटायचं. आम्ही दोघांनी पितळेचा पंखा कापला, त्याला पेटी केली, धुराच्या नळीत बसवली. गाडी सुरू केली. पंखा फिरला, शिट्टीसारखा आवाज आला, शेजारच्या वाड्यातली सगळी कुत्री ओरडायला लागली. मग आतून कडकड झाली आणि पंख्याची पाती सायलेन्सरमधून रस्त्यावर येऊन पडली. बोटीवरचा पंखा कसल्या लोखंडाचा असतो आणि कसल्या बारकाईने घडवतात, ह्याची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती. आबांनी पाती गोळा केली आणि म्हणाले, "बरा झाला, कोणाच्या टाळक्यात बसली नाय."

पंखा गेला, तरी धूर फुकट सोडायचा नाही हे आबांच्या डोक्यातून गेलं नाही. मग मी त्यांना दुसरा मार्ग सुचवला. तो माझा होता, आणि इथून पुढचं सगळं त्यातून निघालं.

त्या काळी पुष्कळ गाड्या रॉकेलवर चालवत. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की एक कॉक फिरवून रॉकेल सोडायचं. पण थंड रॉकेल नीट जळत नाही. गाडी काळा धूर ओकते, ठोके देते. रॉकेल आधी तापवून दिलं तर मात्र गाडी गुण्यागोविंदाने चालते. मी आबांना म्हटलं की धुराच्या नळीभोवती तांब्याच्या बारीक नळीचे वेढे घालू, त्यातून रॉकेल नेऊ. धूर जाता जाता रॉकेल तापवील. धुराचं काम झालं आणि पेट्रोल वाचलं. आबा इतके खूश झाले की त्यांनी मला तिथेच काजूची फेणी पाजायला काढली.

अडचण तांब्याच्या नळीची होती. गोव्याची हद्द बंद झालेली, त्यामुळे तिकडचा माल येत नव्हता. आबांकडे बोटीच्या भंगारातले तुकडे होते. ते जोडल्याशिवाय वेढे पुरे होणार नव्हते. आणि तांबं जोडायचं म्हणजे सोनू तांबट.

सोनूभाऊचं दुकान माझ्या शेजारीच. हंडे, कळशा, घंगाळं, आणि सगळ्यात जास्त बंब. मालवणपासून आचऱ्यापर्यंत ज्याच्या घरी अंघोळीचं पाणी तापायचं, त्याच्या न्हाणीघरात सोनूभाऊचा बंब. माझ्यापेक्षा तो वयाने बराच मोठा, अंगाने किरकोळ, बोलणं तिरकं. माझ्या मुंबईच्या गमजा ऐकून म्हणायचा, "दत्ता, तू मुंबयत शिकलंस काय मुंबय शिकवन इलंस?" पण अडलो की भाता सोडून उठून यायचा.

धातूच्या जोडाला डाख म्हणतात. तांब्याला डाख दोन प्रकारचा. एक कथलाचा. नवसागर लावायचा, जरा तापवायचं आणि कथील वितळून सांध्यात ओढलं जातं. पटकन होतो, पण थोड्या उष्णतेने सुटतोही. दुसरा पितळेचा. त्याला टाकणखार लागतो, तांबं लालभडक करावं लागतं, हात स्थिर लागतो, नळी पातळ असेल तर ती जळून जायची भीती. तो सुटत नाही. कामाला मात्र एक पुरता दिवस जातो, आणि बिघडला तर नळीच वाया.

आबांना दिवस नव्हता. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते. बेळगावच्या डॉक्टरांनी वेळ दिली होती. आबांनी गाडीच्या पहिल्या लांबच्या फेरीसाठी रवळनाथाला कौल लावला होता. आमच्याकडे असं काही ठरवायचं असेल तर गुरव देवाच्या अंगावर फुलांचे कळे लावतो आणि कुठला कळा पडतो त्यावरून देवाची परवानगी कळते. देवाने गुरुवार दिला होता. कौल मिळाला की दिवस बदलत नाहीत. नळी जोडायला मी सोनूभाऊकडे गेलो तो बुधवारचा दुपारचा वेळ होता.

तो म्हणाला की पितळेचा डाख घालतो, उद्या संध्याकाळी ने. मी म्हटलं की उद्या सकाळी गाडी जायची आहे, कथलाचा घाल. त्याने भात्यावरचा हात काढला.

"धुराच्या नळयेर कथील? वितळान जातला."

इथे मी हुशारी केली. मी त्याचाच बंब त्याला दाखवला. म्हटलं, "सोनूभाऊ, तुमच्या बंबाक कथलाचोच डाख ना? वर्सानुवर्सां इस्तवार बसान आसा. सुटलो काय?"

"बंबात पाणी आसता रे."

"आणि नळयेत रॉकेल आसतला. सतत व्हावता. उष्णता घेवन जातला. पाण्यासारख्याच."

ह्यात चूक काही नव्हती. बंबाच्या मधल्या नळीत विस्तव असतो, पण बाहेरून पाणी वेढून असतं, ते उष्णता ओढून घेतं, म्हणून सांधा वितळत नाही. सोनूभाऊने जरा विचार केला. मग म्हणाला, "पाणी आसा तवसर." मी म्हटलं, टाकी भरलेली आहे. तो म्हणाला, "बघ हां. गाडी तुका कळता, माका नाय." आणि त्याने कथलाचा डाख घातला. काम सुरेख. सांधा बोटाला लागत नव्हता.

संध्याकाळी आम्ही गाडी आचऱ्यापर्यंत नेऊन आणली. पेट्रोलवर सुरू केली, तापल्यावर कॉक फिरवला. धूर नाही, ठोका नाही. आबा चालवता चालवता गाणं म्हणत होते. गुरुवारी सकाळी गुरवाने गाडीपुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घातलं, आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि गाडी गेली. पुढे आबा, मागे काकी आणि त्यांची नात शालू. शालू तीन-चार वर्षांची होती. तिला आजीचा डोळा उघडताना बघायचं होतं.

निघताना मी आबांना एक सूचना पुन्हा दिली. आंबोलीचा घाट रॉकेलवर चढू नका, गाडीला जोर पुरणार नाही. दाणोलीला घाटाच्या पायथ्याशी कॉक पेट्रोलवर घ्या आणि वर पोचल्यावर परत रॉकेलवर.

हे मीच सांगितलं होतं. दोनदा.

उन्हं वर आली तेव्हा मी काम करत होतो आणि शेजारी सोनूभाऊच्या दुकानात भांडण चाललं होतं. एक बाई डोक्यावरून बंब घेऊन आली होती. खालचा सांधा उघडा पडला होता. तिचं म्हणणं, असला कसला डाख, वर्षही टिकला नाही. सोनूभाऊने बंब उलटा केला, आत बोट फिरवलं.

"बाय, पाणी घातलंलंस?"

"पाणी घातल्याशिवाय कोण पेटयता?"

"खरा सांग."

ती म्हणाली की सुनेने पेटवला, पाणी घालायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

सोनूभाऊ हसायला लागला. "मगे डाख काय करतलो? पाणी नाय तर कथलाक काय देव राखतलो?"

माझ्या हातात पत्र्याची कात्री होती. ती मी खाली ठेवली. घाटात कॉक पेट्रोलवर. म्हणजे रॉकेल वाहणार नाही. वेढ्यात राहिलेलं रॉकेल उकळून निघून जाईल. आणि घाटातच इंजिनावर सगळ्यात जास्त ताण, धुराची नळी तापून लाल. सुका बंब. डाख वितळणार. त्यानंतर वर पोचल्यावर आबा मी सांगितल्याप्रमाणे कॉक फिरवणार आणि टाकीतलं सगळं रॉकेल उघड्या सांध्यातून थेट त्या लाल नळीवर पडणार. मागच्या सीटखालून ती नळी जात होती.

मी सोनूभाऊला काही बोललो नाही. रस्त्यावर आलो. तारेच्या ऑफिसात जाऊन तार करावी असं मनात आलं, पण चालत्या गाडीला तार कोण पोचवणार? बस उभी होती ती सावंतवाडीची. चढलो.

त्या बसचा प्रवास मी अजून करतो. कट्टा गावाला टपालाची थैली चढली, तिच्यावर कोणाची तरी सही राहिली होती. कुडाळला एक गृहस्थ कोंबड्यांची टोपली घेऊन चढले आणि कंडक्टरने सांगितलं की टोपली टपावर ठेवा. गृहस्थ म्हणाले की कोंबड्यांना ऊन लागेल. ह्यावर सगळ्या बसचं मत घेण्यात आलं. मी माझं मत दिलं नाही. मी मनात हिशेब करत होतो. काकींचं माहेर सावंतवाडीला, जेवायला तिथे थांबणार हे ठरलं होतं. जेवण होईपर्यंत मी पोचलो तर संपलं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोण आजारी आसा?" मी म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, "मगे पाय कित्याक हलयतंस? सगळो बाक हलता."

सावंतवाडीला काकींच्या भावाच्या अंगणात उष्ट्या पत्रावळी पडल्या होत्या आणि गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या. मंडळी मघाच गेली होती.

बाजाराजवळ सुक्या मासळीचा एक ट्रक बेळगावला निघत होता. ड्रायव्हर घाटावरचा होता. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्याने पुढे जागा नाही म्हणून मला मागे बांगड्यांच्या गोणींवर बसवलं. दाणोलीला थांबून त्याने चहा घेतला. मी खाली उतरून त्याच्यासमोर उभा राहिलो तर म्हणाला, "गाडीलाही दम लागतो आणि मलाही. तुला फक्त घाई लागते." अर्ध्या घाटात रेडिएटरला पाणी घालायला पुन्हा थांबला. मी गोणींवर उभा राहून वरची वळणं बघत होतो. झाडांमधून कुठे धूर दिसतो का. एका वळणावर दिसला. जवळ गेल्यावर कळलं की कोणी धनगर पालापाचोळा जाळत होता.

घाटमाथ्यावर, चहाच्या खोपटापुढे, आबांची गाडी उभी होती. पुढचं झाकण उघडं, रेडिएटरमधून वाफ येत होती. काकी मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि शालू त्यांच्या मांडीवर झोपली होती. आबा पाणी घालून झालेला डबा ठेवत होते. मी गोणींवरून उडी मारली तेव्हा ते आपल्या जागेवर बसत होते.

"रे दत्ता? तू हंय खंय?"

"आबा, कॉक फिरवलात?"

"आता फिरयतलंय. तूच सांगलंस मा, वर गेल्यार..."

त्यांचा हात कॉकवरच होता. मी तो धरला. पोर उचला, काकींना खाली घ्या, एवढंच मला बोलता आलं. त्या दोघी खोपटात जाऊन बसल्यावर मी गाडीखाली शिरलो आणि पत्र्याचं झाकण काढलं. सांधा उघडा होता. नळीची दोन टोकं एकमेकांपासून सुटून लोंबत होती आणि खालच्या पत्र्यावर कथलाचे थेंब गोठून बसले होते, दव पडल्यासारखे चकचकीत.

आबा माझ्या शेजारी मातीत आडवे झाले. त्यांनी सांधा पाहिला, वरची टाकी पाहिली, मागच्या सीटची फळी पाहिली. बोटीच्या इंजिनखोलीत जन्म काढलेला माणूस. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. मग म्हणाले, "तुका कसा कळला?"

मी काही बोलायच्या आत खोपटातून काकी म्हणाल्या, "रवळनाथान धाडल्यान तेका. कौल दिल्लो मा."

आबांनी तिथेच, गाडीखाली, पडल्या पडल्या हात जोडले. आधी घाटाखालच्या दिशेला, गावाकडे. मग माझ्याकडे. आणि मग विचारलं, "ह्यो डाख कोणाचो?"

मी म्हटलं, "सोनूचो."

हा शब्द खरा होता. एवढ्या वर्षांत मी स्वतःला हेच सांगत आलो. मला प्रश्न विचारला, मी खरं उत्तर दिलं. डाख सोनूचाच होता. कथील घालायला कोणी सांगितलं, हे आबांनी विचारलं नाही.

नळी ठोकून बंद केली आणि आबा पेट्रोलवर बेळगावला गेले. काकींचे डोळे झाले. परत आल्यावर काकींनी मला घरी बोलावून माझं तोंड नीट पाहिलं, कारण आधी कधी नीट दिसलं नव्हतं. म्हणाल्या, माका वाटला तू मोठो आसशीत. तू पोरच मा रे.

गोष्ट माझ्याआधी मालवणात पोचली होती. रवळनाथाने दत्ता मिस्त्रीच्या मनात घातलं, तो हातातलं काम टाकून धावला आणि तीन जीव वाचले. आणि सोनू तांबटाने धुराच्या नळीला कथील घातलं होतं, देवाची गाडी आणि कथील. आबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी सोनूभाऊला शिवी दिली नाही की भांडण केलं नाही. फक्त बाजारात, देवळात, ज्याने विचारलं त्याला सांगितलं. आमच्यासारख्या गावात तेवढं पुरतं. पुढच्या जत्रेला त्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला लावलं. गुरवाने म्हटलं, "जशी आबाच्या गाडयेची राखण केलंस, दत्ता मिस्त्रीक वेळेर धाडलंस, तशीच सगळ्या लेकरांची राखण कर म्हाराजा." सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो.

सोनूभाऊ एकदाच माझ्या दुकानात आला. कोणीतरी त्याला ती सुटलेली नळी दाखवली असावी, ती हातात होती.

"दत्ता, कथील घाल म्हणान तू सांगलेलंस, तां आबांक सांगलंस मा?"

"सांगतलंय," मी म्हटलं.

"बरा," तो म्हणाला आणि नळी माझ्या बाकावर ठेवून गेला.

सांगायचं होतं. खरंच होतं. पण त्याच आठवड्यात वेंगुर्ल्याहून एक गाडी आली, मग देवगडहून. देवाने ज्याला धाडलं त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं असं लोक म्हणायला लागले. सांगितलं असतं तर कोण आलं असतं? आज नको, जत्रा झाल्यावर. जत्रा झाल्यावर नको, पाऊस संपल्यावर. मी जितका थांबलो तितकं ते सांगणं जड होत गेलं. शेवटी गोष्ट नळीची राहिलीच नाही. इतके दिवस गप्प का होतास, हीच ती गोष्ट झाली.

बायका डाखाचं काम सोनूभाऊकडे आणेनाशा झाल्या. "तेचो डाख सुटता" असं कोणी म्हटलं की दुसरी मान हलवायची. ज्या बाईने त्या दिवशी बिनपाण्याचा बंब आणला होता, तीच सगळ्यांत जास्त बोलायची. ॲल्युमिनियमची भांडीही त्याच सुमाराला आली, हेही खरं. ही पळवाट मी पुष्कळ वर्षं वापरली. पण दुसऱ्या गावातले तांबट ॲल्युमिनियम आल्यावरही पुढे कितीतरी वर्षं टिकले. सोनूभाऊचा भाता त्याआधीच थंड झाला.

तो वेंगुर्ल्याला गेला. तिथे काजूचा कारखाना होता. त्याच्या भट्टीचं धुराडं दुरुस्त करायला मला बोलावलं तेव्हा मी त्याला पाहिला. सोललेले काजूगर पत्र्याच्या डब्यात भरून झाकण कथलाने बंद करत. एका लांब बाकावर डबे ओळीने मांडलेले, आणि सोनूभाऊ एकामागून एक झाकणाला डाख देत बसलेला. ज्याच्या हाताला पितळेचा डाख असा बसायचा की सांधा कुठे आहे ते शोधावं लागे, तो दिवसभर तेवढंच करत होता.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्याने डबा खाली ठेवला नाही.

"बरा आसा मा, सोनूभाऊ?"

"बरा आसा. कथील घालतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हंय तक्रार नाय. काजी काय घाट चडणत नाय."

मी हसलो. त्याने तो विनोदच केला होता, आणि मी हसलो. मग तो पुढचा डबा घेऊन बसला आणि मी धुराड्यावर चढलो.

त्या दिवशी परतताना ठरवलं की आबांना सांगायचं. त्यांच्या अंगणात गेलो तर आबा गाडी धूत होते. शालू टपावर बसून त्यांच्यावर पाणी उडवत होती. मला बघून म्हणाले, "ह्या पोराक रोज बघतंय आणि रोज तुझी आठवण काडतंय." मी चहा पिऊन परत आलो. आबा गेले, काकी गेल्या. वेंगुर्ल्याहून सोनूभाऊ गेल्याचं कळलं ते त्याचे दिवस झाल्यानंतर.

ह्या वर्षी जत्रेच्या आधी शालू माझ्याकडे आली. आता तिला नातवंडं आहेत. आबांचा नारळ दर वर्षी तीच ठेवते. म्हणाली, काका, ह्या वर्षी मुंबईची मुलं येणार आहेत, आंबोलीची गोष्ट तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसं. ती ऐकत राहिली. शेवटी विचारलं, "पण तुम्ही धावलात ता खरा मा?" मी म्हटलं, धावलो. माझी चूक माझ्या पुढे पळत होती, तिला गाठायला धावलो.

गाऱ्हाण्यातून माझं नाव काढून सोनू तांबटाचं घालूया, असं मी म्हटलं. ती गुरवाकडे गेली. हल्लीचा गुरव त्या गुरवाचा नातू. त्याने सांगितलं की आबांनी घातलेलं गाऱ्हाणं मनाने बदलता येत नाही, देवाला विचारायला हवं. कौल लावला. कळा डावीकडचा पडला. देवाला मान्य नाही.

शालूने मला घरी नेलं तेव्हा परसात न्हाणीघराजवळ बंब होता. तांब्याचा, काळा पडलेला, पण पोटाशी अजून चमकणारा. लग्नात सासूने दिला, ती म्हणाली, सासूच्या सासूचा. मी खाली बसून बुडाच्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. आत पाणी होतं. विस्तव होता.

जत्रेच्या दिवशी गुरवाने नारळ हातात घेतला. माणसं दाटीने उभी होती, मुंबईची मुलं मोबाइल वर धरून. गाऱ्हाणं सुरू झालं, आबाच्या गाडयेची राखण केलंस, दत्ता मिस्त्रीक वेळेर धाडलंस, आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं.

मी म्हटलं, "नाय म्हाराजा."

मोठ्याने नाही. मागच्या दोन-चार जणांनी वळून बघितलं, म्हाताऱ्याची चूक झाली असेल असं त्यांना वाटलं असावं. शालू माझ्या शेजारी उभी होती. तिने हात जोडलेलेच ठेवले. ओठ मिटलेले होते. तिने ह्या वेळी काहीच म्हटलं नव्हतं.